उन्हावरचे रोडगे

गेल्या वर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या अंगणात, साडेनऊ हजार रुपयांच्या सूर्यचुलीवर मी रोडगे भाजायला घेतले. हजर: मी, माझी पत्नी कुंदा, मुलगी प्रणिता आणि तिचे सासू-सासरे. जावईबापू ड्यूटीवर होते, म्हणून बचावले.

रोडगे म्हणजे कणकेचे गोळे. ते गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर हाणायचे. सूर्यचुलीवर ते करायला कोणी शहाणा माणूस जाणार नाही. मी गेलो, कारण पैज लागली होती.

प्रणिता आर्वीला दिलेली. घर चांगलं, माणसं चांगली, फक्त स्वयंपाकघरात धूर. आमच्या इवायांना (व्याह्यांना आमच्याकडे इवाई म्हणतात) मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "घरी गॅस आहे ना?"

"हाये ना! पाहुणे आले की चहा करतो त्याच्यावर."

"आणि रोजचं?"

"रोजचं चुलीवर. वावरात कपाशीच्या पऱ्हाट्या फुकट पडल्या हायेत. अन् गॅसच्या भाकरीले चव नाई."

चव यांना आणि धूर माझ्या मुलीला! दिवाळीला ती लाल डोळे घेऊन आली, तेव्हा कुंदा घाबरून म्हणाली, "भांडण झालं काय वं?" पोरगी म्हणाली, "नाई आई, कपाशीच्या काड्या ओल्या होत्या."

त्याच आठवड्यात मी सूर्यचूल आणली. छत्रीएवढी चकचकीत तबकडी, मधोमध भांडं ठेवायची लोखंडी कडी. तबकडी सूर्याकडे धरली की सगळं ऊन त्या कडीत गोळा होतं. वर्ध्याचं ऊन! दरवर्षी ते आपल्याला भाजून काढतं, एकदा त्यालाच कामाला लावू, असा माझा विचार. पऱ्हाटीचा धूर, हवेतला कार्बन, तापमानवाढ असं सगळं मी इवायांना फोनवर समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. (मागून बैलाच्या घंटेचा आवाज येत होता. फोन गोठ्यात ठेवून ते निघून गेले होते, असा कुंदाला संशय आहे.)

"हवामान बदललं ते मले नका सांगू," ते शेवटी म्हणाले. "सोयाबीन दोनदा पेरली मी. पण तुमच्या त्या ताटलीवर रोडगे करून दाखवा. उन्हावर रोडगे झाले, तर घरातली चूल मी माह्या हातानं फोडतो!"

"आणि नाही झाले तर?"

"तर आर्वीले येजा, अन् माह्या चुलीत फुंकर मारत बसजा!"

ठरलं.

रविवारी कुंदाने पाहुण्यांच्या सावलीसाठी भाड्याचा मंडप आणला, चांगला लाल झालरीचा. मंडपाच्या कडेला, उन्हात, माझी तबकडी. काळा गॉगल लावून मी उभा. अकराच्या आत वरण शिजलं. वांग्याची भाजी तर अशी रटरटली की मी प्रत्येकाला झाकण उघडून दाखवली. इवायांचा मिशीवरचा हात खाली आला. प्रणिताने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. मला वाटलं, फुटली चूल!

मग रोडगे लावले. काळं पातेलं, घट्ट झाकण. सूर्य सरकला की मी तबकडी सरकवायचो. असं सरकवत सरकवत मी मंडपाच्या झालरीजवळ कधी पोचलो, ते कळलंच नाही. तासाभराने झाकण उघडलं. गोळे खालून कोळसा आणि वरून पांढरेफटक!

"हे रोडगे हायेत की इडल्या?" इवायांनी वाकून विचारलं.

"अजून थोडा वेळ..."

"वेळ तुमच्यापाशी हाये. मी साखरेच्या बिमारीची गोळी घेऊन बसलो. आता मले जेवण नाई भेटलं तर मीच गोल गोल फिरीन, तुमच्या ताटलीसारखा!"

मी पातेलं कडीवरून उतरवलं. गोळे उलटवायला चिमटा आणावा म्हणून ते घेऊनच मागच्या दाराकडे वळलो, तर कुंदा पाण्याच्या टाकीमागून एक बांबूची टोपली काढत होती.

"हे काय?"

"गवऱ्या. दिसत नाई काय?"

"आज? माझ्या सूर्यचुलीच्या दिवशी?"

"मले माहीत होतं काय होणार ते. अर्धी कणीकही राखून ठेवली. सरका!"

माझ्या तत्त्वाचा प्रश्न होता. पोरीच्या डोळ्यांचाही होता. मी पातेलं तिथेच खाली ठेवलं, टोपली हिसकावली आणि तरातरा अंगणात आणली. आता मला बोलायला दोन्ही हात लागतात. टोपली कुठेतरी ठेवायला हवी होती. समोर एक रिकामी, सोयीची, बरोबर टोपलीच्या मापाची कडी होती. मी ती तिच्यावर ठेवली.

(वाचकांच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.)

"इवाई," मी हात उडवत सुरुवात केली, "प्रश्न एका जेवणाचा नाही! प्रश्न धुराचा आहे! एकेका घरातून किती धूर..."

"इवाई," इहीणबाई, म्हणजे प्रणिताच्या सासूबाई, मला म्हणाल्या, "तुमच्या मांगं पाहा बरं. बराच निघून राह्यला."

मागे वळलो. टोपलीतून धुराचा खांब निघाला होता. बघता बघता भडका उडाला आणि त्याने झालर धरली!

"पाणी!" मी ओरडलो.

"गवऱ्यांवर पाणी टाकान तर पाहाच!" कुंदा माझ्याहून मोठ्याने ओरडली.

इवायांनी खांद्यावरचा दुपट्टा ओढून झालर विझवली, काठीने जळती टोपली खाली पाडली आणि उकिडवे बसून गोवऱ्या रचायलाही लागले. "काऊन पाहून राह्यले? गोळे आणा!"

त्या दिवशी इवाई सात रोडगे जेवले. तुपाचा हात मिशीला पुसत म्हणाले, "मस्त झाले. पण पैज हारले तुमी. हे गवऱ्यांवर झाले."

मी मान खाली घातली. तेवढ्यात प्रणिता सासऱ्यांना म्हणाली, "पण मामाजी, माचिस कोणी लावली?"

अंगणात कोणीच माचिस लावली नव्हती.

"जाळ उन्हाचाच होता," इहीणबाईंनी ताट बाजूला सारलं. "म्या माह्या डोळ्यानं पाह्यला. तीस वर्सं धुरानं अर्धे झालेले डोळे हायेत, पण एवढं दिसते. चूल फुटन."

"अवं, पण..."

"फुटन म्हणजे फुटन!"

इवायांनी शब्द पाळला. घरातली चूल फुटली, गॅस रोजच्या वापरात आला. अंगणातली मात्र रोडग्यांसाठी राहिली. तेवढी सूट इहीणबाईंनी दिली. बदल्यात त्यांनी माझी तबकडी मागून घेतली. प्रणिता तिच्यावर वरण शिजवते, आंघोळीचं पाणी तापवते. डोळे आता ठीक आहेत. इवाई ती आल्यागेल्याला दाखवतात आणि कार्बनवर बोलतात म्हणे. म्हणजे त्या दिवशी ते फोन गोठ्यात ठेवून गेले नव्हते!

शेवटी दिलेल्या रकमा अशा: जळालेल्या झालरीचे आठशे, मंडपवाल्याला. तबकडी आर्वीला पोचवायचे नऊशे, टेम्पोवाल्याला. आणि माझ्या सौरऊर्जेच्या खर्चातली अखेरची रक्कम, दीडशे रुपये, रोख, कुंदाला. गोवऱ्यांचे.