शिवणीतली माया

गल्लीत तिला सगळे शिलाईकाकू म्हणत. कपडा शिवताना ती आत भरपूर माया सोडायची. माया म्हणजे शिवणीच्या आतलं जास्तीचं कापड, पुढे अंग सुटलं तर उसवून सैल करता यावं म्हणून ठेवलेलं. "माणूस फुगतोच गं बाई," असं ती गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायची.

स्वतः मात्र वर्षभरात पार चिपाड झाली होती. मशीन चालवताना धाप लागे, आणि खुणा करायचा खडू ती चक्क कुरतडून खाई. रक्त कमी आहे म्हणून दवाखान्यातून लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रक्त जरा वाढे, पुन्हा घसरे. मग नवरा त्याच गोळ्या दुकानातून परस्पर आणू लागला. रक्त का कमी होतं, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. बाईमाणसाचं रक्त कमीच असायचं, हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं! संताप यावा, अशीच ही गोष्ट.

शेवटी ती मशीनवरच चक्कर येऊन पडली, तेव्हा नवऱ्याने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं.

"पाळी येते अजून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो, बंद होऊन कितीतरी वर्षं झाली."

"मग रक्त जातंय कुठे?"

काकूने नवऱ्याकडे पाहिलं.

"संडासला काळं होतं का?"

नवऱ्याने मान वळवली. "ते गोळ्यांनी होतं ना," काकू पुटपुटली.

"आणि गोळ्या बंद असल्या की?"

मळमळतं म्हणून मध्यंतरी तिने गोळ्या सोडल्या होत्या. काळं तेव्हाही होत होतं. लाजेपायी ती कुणाला बोलली नव्हती.

दुर्बीण घालून पाहिलं, तर जठरात गाठ. तिथूनच रक्त थेंबथेंब जात होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं की रोग यकृतापर्यंत पसरलाय, कापून काढण्यासारखं काही उरलेलं नाही.

"मी गोळ्या एकदाही संपू दिल्या नाहीत हो," म्हणत नवरा तिथेच ढसाढसा रडला.

घरी आल्यावर काकूने स्वतःचा सैल पडलेला ड्रेस आत घ्यायला काढला. याआधी दोनदा घेतला होता, पण माया तशीच ठेवली होती.

"जास्त आवळू नकोस," नवरा म्हणाला. "बरी झालीस की परत सैल करावा लागेल."

काकूने नवी शिवण मारली, कात्री उचलली आणि आतली सगळी माया कापून टाकली.