नोटिशीत नसलेली अट

आमच्या घरात पहिला ग्रॅज्युएट मी. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून कुठल्याही खिडकीवरून त्यांना कोणीही हाकलायचं.

हिंगोलीच्या बागेतल्या तळ्यात बचाव पथकासाठी स्कूबाचं, म्हणजे हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायचं, प्रशिक्षण होतं. मी बघायला गेलो होतो. निवडीच्या रांगेत धोतर खोचलेले एक काका होते. नदीत बुडालेली माणसं नुसता दम धरून तेच काढतात, असं लोक सांगत होते. निवड करायला आलेले बाहेरगावचे साहेब त्यांना म्हणाले, "दहावी नाही? बाजूला व्हा."

निवडलेल्या पोरांनी पाण्यात जोरात पाय मारले. सगळा गाळ उठला आणि शोधायला टाकलेला बाहुला कोणालाच सापडेना. काका न विचारताच उतरले. पाय स्थिर ठेवून, हातानं तळ चाचपत त्यांनी बाहुला वर आणला. मान तिरकी करून कानातलं पाणी झटकलं, मग म्हणाले, "पाय काहून मारून राहिले, लेकरांहो? बुडालेलं माणूस गाळात दिसत न्हाई."

"तरी दहावी लागेलच," साहेब हसले.

माझं डोकं फिरलं. भिंतीवरची नोटीस मी मोठ्यानं वाचली. त्यात अट फक्त पोहता येण्याची होती.

"दहावी कुठं लिहिलीय, दाखवा!"

साहेबांनी नोटीस पुन्हा वाचली आणि काकांचं नाव यादीत लिहिलं. त्याच दुपारी काका पाठीवर हवेची टाकी बांधून तळ्यात उतरले.