सुताला न अडकणारी अंगठी

त्या संध्याकाळी काल्हेरच्या रस्त्यावर अपघात झालाय, हे आमच्या गोदामात सगळ्यात आधी मला कळलं. डिस्पॅचला बसते मी. गेटवरच्या वॉचमनचा फोन आला, की कंटेनर आडवा झालाय, रस्ता जाम आहे. मी ड्रायव्हरांच्या ग्रुपवर मेसेज टाकला, ‘काल्हेरला अ‍ॅक्सिडेंट. सगळ्यांनी गाड्या मानकोलीवरून काढा.’ मग चहा मागवला, दोन कप. हरेश ठाण्याहून कामावरून सुटला की बाइक आमच्या गेटवर थांबवायचा आणि चहा पिऊन पुढे दिघाशीला घरी जायचा. त्या दिवशी तो आला नाही, फोनही उचलेना, म्हणून मी चिडून दोन्ही कप एकटीनंच संपवले... रस्ता कोणामुळे अडला होता ते मला घरी गेल्यावर आईनं सांगितलं आणि आईला शेजारणीनं. हरेशच्या घरून मला फोन आला नाही. त्यांना तरी काय दोष द्यायचा? मी अजून त्यांच्या घरची कुठे झाले होते?

हा लेख देताना पुरवणीतल्या बाईंनी विचारलं, तुमचं नातं काय लिहू? मी तिथंच अडले. मैत्रीण म्हणावं तर साखरपुडा झालेला, बायको म्हणावं तर लग्न राहिलेलं. आपल्याकडे रडायलासुद्धा नातं लागतं. त्याच्या दिवसकार्याला मी दिघाशीला गेले, तर मला कुठे बसवायचं हेच बायकांना कळेना. आत घरच्या बायका एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. मला एकीनं ओटीवर खुर्ची दिली आणि पाहुण्यांबरोबर चहा दिला. तो चहा मी कसा गिळला ते माझं मला माहीत.

हरेशची नि माझी ओळख याच गोदामातली. तेव्हा तो पार्सलं स्कॅन करायचा आणि पार्सलांच्या रिकाम्या खोक्यांवर पेनानं दागिने काढायचा. दिघाशीच्या डोंगराकडच्या पाड्यावरचा, शेती नि मजुरीवर चाललेल्या घरातला मुलगा. घरात सोन्याचा पत्ता नाही आणि हा आपला बांगड्या, झुमके, अंगठ्या काढत बसलेला. सगळे त्याला ‘शेठ’ म्हणून चिडवायचे, त्यात मी पुढे. सुट्टीच्या दिवशी क्लासला जाऊन तो कॉम्प्युटरवर डिझाइन शिकला आणि ठाण्यातल्या एका दागिन्यांच्या कारखान्यात लागला, तेव्हा चिडवणाऱ्यांची तोंडं बंद झाली. माझं मात्र झालं नाही. लोकांच्या लग्नाच्या अंगठ्या करतोस, स्वतःचं कधी, असं मीच एकदा बोलून गेले. तो इतका गडबडला, की अर्धा चहा शर्टावर.

तो पहिल्यांदा आमच्या घरी आला तो दिवस मला स्वच्छ आठवतो. आम्ही राहतो भिवंडीत, लूमच्या खडखडाटात. वडील रशीदचाचांच्या कारखान्यात मुकादम आहेत आणि आई घरच्या मशीनवर कांड्या भरते. धोट्यात सूत गुंडाळलेली जी नळी बसते, ती कांडी. संध्याकाळी मीही तिच्या मदतीला बसते. आईनं पोहे पुढे ठेवले, तर हा पोह्यांकडे बघायचं सोडून आईच्या हातांकडे बघत बसला. सूत तिच्या बोटांमधून सळसळत जात होतं. “मावशी, तुम्ही अंगठी घालत नाही?” त्यानं विचारलं. आई म्हणाली, “घालून काय करू? सूत अडकतं.” आईला हे स्थळ तोवर पसंत नव्हतं. आमच्यात नि त्यांच्यात बरंच अंतर, ते तिला पचत नव्हतं. पण तो गेल्यावर म्हणाली, पोरगं चौकस आहे. आईच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळच.

त्या दिवसापासून त्यानं माझी अंगठी मनावर घेतली. रोज चहाबरोबर फोनवर नवं डिझाइन. पहिल्यात चार चिमट्यांवर उभा केलेला खडा होता, छान चमकणारा. मला आवडला. “नको,” तोच म्हणाला, “चिमटे आहेत तिथं सूत अडकणार.” मग खडा खाली गेला, पट्टीच्या अंगातच बसला, बोट फिरवलं तर लागू नये इतका. मग कडा गोल झाल्या. मग पट्टी बारीक झाली, अजून बारीक झाली. “तू मला अंगठी देतोयस की केस?” मी विचारलं. नाजूक हवी पण वाकता कामा नये, यावर त्याची गाडी किती दिवस अडली होती. शेवटी त्यानं तोड काढली. वरून बघाल तर रेघेएवढी, पण बाजूनं बघाल तर अंगानं भरलेली. ती युक्ती सुचली त्या दिवशी तो गेटवर आला तो हसतच, आणि हेल्मेट न काढताच सांगायला लागला.

अंगठी तयार झाल्यावर तिची परीक्षा वडिलांच्या कारखान्यात झाली. रशीदचाचांकडून सगळ्यात बारीक सूत मागून घेतलं आणि ते अंगठीवरून सगळ्या बाजूंनी ओढून बघितलं. पहिल्यांदा खड्यापाशी एक तंतू अडकला. हरेश अंगठी घेऊन तसाच परत गेला. दुसऱ्यांदा सूत नुसतं घसरलं. रशीदचाचांची चार पिढ्यांची लूम, कामावर अंगठी घातलेला माणूस दिसला तर ते दारातून परत पाठवतात. त्यांनी अंगठी उजेडात धरून बघितली आणि म्हणाले, “बेटा, कारखान्यात अंगठीला बंदी आहे. हिला मी आत येऊ देईन.” हरेशला पगारवाढ मिळाली तेव्हासुद्धा मी त्याला इतका खूश बघितला नव्हता.

साखरपुड्याला त्याच्या आईनं मात्र नाक मुरडलं. मी त्यांना काकी म्हणते. काकींना मुलाची अंगठी पाड्यानं बघायला हवी होती. “ही काय आंगठी? नुसती तार हाय. गावान कोनाला दिसनार पन न्हाय,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. हरेश हसला. “आये, दिसायला न्हाय केली, घालायला केली.” बायकांनी तोंडाला पदर लावले. मला त्या घटकेला काकींचा राग आला होता, तो पुढेही बरेच दिवस गेला नाही.

अंगठी मला किंचित सैल होती, म्हणून त्यानं ती नंतर बारकी करून आणली. जिथं सांधा होता, तिथं तळव्याच्या बाजूला एक कणभर खरखर राहून गेली. माझ्या लक्षातही आली नव्हती. चहा पिताना माझ्या ओढणीचा धागा तिच्यात अडकला आणि निघाला. मी हसले, तो हसला नाही. नखानं ती जागा चाचपत बसला, जसं काही फार मोठं बिघडलं होतं. “उद्या येताना कारखान्यातनं कानस आणतो. दोन मिनिटांचं काम आहे.” ही आमची शेवटची भेट... दुसऱ्या दिवशी मी गाड्या मानकोलीवरून वळवल्या.

दिवसकार्य झालं आणि आमच्या घरात अंगठीचा विषय निघाला. मावशीकडे एक स्थळ होतं. आई म्हणाली, “अंगठी त्यांची आहे, त्यांना देऊन ये. तुझी वाट मोकळी होईल.” मी भांडले, ताटावरून उठले. तिचंही खोटं नव्हतं, आणि त्यानंच जास्त संताप येत होता. शेवटी एका रविवारी मी अंबाडीला उतरले आणि रिक्षा करून दिघाशीला गेले. वाटभर अंगठ्यानं अंगठी फिरवत होते. काकींनी हात पुढे केला तर काय करायचं, एवढा एकच विचार होता. त्या त्याच्या आई, मागायचा हक्क त्यांचाच. मला ती द्यायची नव्हती.

काकी एकट्याच होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या आत गेल्या आणि कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. हॉस्पिटलातून मिळालेल्या त्याच्या वस्तूंमधलं. “ही त्याचे खिशान व्हती. कशाला व्हती ता मना कलत न्हाय. रोज काढून बगते. तुला ठाव हाय का पोरी?”

कागदात बोटाएवढी बारीक कानस होती.

मी सांगितलं. काकींनी माझा हात ओढून घेतला, अंगठी काढली नाही, नुसता अंगठा फिरवून ती खरखरीत जागा शोधली. त्यांच्या अंगठ्याला इतक्या भेगा, की त्यांना ती लागली कशी कोण जाणे. मी अंगठी काढायला लागले, तशी त्यांनी माझी बोटं मिटवली. “ठेव तुजेजवल. बारीक हाय, कोनाला दिसनार न्हाय. उद्या दुसऱ्याचे घरान गेलीस तरी दिसनार न्हाय.”

कानस त्यांनी परत कागदात गुंडाळली आणि स्वतःजवळ ठेवली. मीही मागितली नाही. परतीच्या वाटेवर मला हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटलं नाही. त्यांनी मला सोडलं की बांधलं, हे मला अजून ठरवता येत नाही. उद्या कुणाच्या घरात ही अंगठी लपवून वावरायचं, आणि ते घर माझं म्हणायचं? काकींनी ते मायेनं सांगितलं, पण करायचं मला आहे. ही एक गोष्ट मी हरेशलाच विचारली असती.

त्या खरखरीत जागेचं कुठल्याही सोनाराकडे दोन मिनिटांचं काम आहे. मी नेलेली नाही. माझ्या सगळ्या ओढण्यांचे धागे निघालेत. मावशीला आईनं अजून काही कळवलेलं नाही, आणि मीही विचारत नाही. परवा संध्याकाळी आईबरोबर कांड्या भरायला बसले, आणि व्हायचं तेच झालं. डाव्या हातातलं सूत अंगठीत अडकलं नि तुटलं. मशीन थांबलं. आता ऐकावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. आईनं तुटलेली टोकं शोधली, गाठ मारली आणि मशीन सुरू करायच्या आधी माझ्याकडे न बघता म्हणाली, “सूत उजव्या हातानं धरत जा.”