आईला कोल्हापूरला नेलं

रत्नागिरीच्या सरकारी इस्पितळात मी सिस्टर म्हणून आयुष्य काढलं. लागले तेव्हा जुनी कौलारू इमारत होती. पाऊस लागला की आम्ही खाटा सरकवत बसायचो. मग स्लॅब पडला, लिफ्ट आली, डायलिसिसची मशिनं आली. फुरसं चावलेला माणूस असो नाहीतर अडलेली बाळंतीण, खेड्यातली जीप आमच्याच दारात येऊन थांबायची. व्हरांड्यात नातेवाईक पेजेचे डबे उघडून बसायचे. मी त्यांच्यावर करवादायचे, आणि एखाद्याचा डबा आला नाही तर माझ्यातलं भरवायचेसुद्धा.

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात जायची. पेशंटचं जरा जास्त झालं की घरची माणसं म्हणणार, "सिस्टर, कोल्हापूरला हलवतो." का, तर उद्या भावकी बोलायला नको, सरकारीत टाकला म्हणून. मी तोंड सोडायचे, "अहो, भावकी येणाराय का घाटात सलाईन धरायला?" किती जणांना असं अडवलं असेन!

मग आईलाच न्यूमोनिया झाला. वय झालेलं, धाप लागलेली. माझ्याच वॉर्डात खिडकीजवळची खाट दिली. आमचे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, तिथे जे करतील तेच इथे करतोय. हलवू नका." आई खूश होती. धापा टाकत शेजारच्या बाईला सांगत होती, "ही माझी मुलगी. सगळा वॉर्ड घाबरतो हिला."

दुपारी मुंबईहून भावाचा फोन आला. "सरकारीत ठेवलीस? लोक तोंडात शेण घालतील आपल्या!" दोन मावश्या बघायला आल्या, त्यांचंही तेच. आणि मी? लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. जबाबदारी आमची, असं लिहून सही केली. आईने माझा हात धरला. "मला इथेच ठेव गो. तू आहेस ना इथे?"

"गप बस, तुला काय कळतंय!" असं म्हणाले मी. आईला.

आंबा घाट तिने ऑक्सिजनवर पार केला. कोल्हापूरचं खासगी हॉस्पिटल चकचकीत, माणसंही चांगली. आयसीयूत नातेवाइकांनी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं भेटायचं. नियम बरोबरच होता, मीही जन्मभर लोकांना तेच सांगत आले. बाकी वेळ मी खाली खुर्चीत बसून असायचे. तिसऱ्या दिवशी सकाळची भेटायची वेळ व्हायच्या आधीच वर बोलावलं. सगळं आटोपलं होतं.

तिथली सिस्टर माझ्या मुलीच्या वयाची. रडवेली होऊन म्हणाली, "काकू, रात्रीपासून त्या औषध घेईनात. म्हणायच्या, माझी मुलगी सिस्टर आहे इथे, ती येऊन देईल. तिची ड्युटी लागेलच आता."