परत पाठवलेली माफी

चौथ्या एपिसोडमध्ये एकाला ताप येतो. मालिका न बघताही मी हे सांगू शकतो. पहिल्या तीन एपिसोडमध्ये ज्यानं दुसऱ्याला पोहण्याच्या तलावात ढकललं, त्याचं प्रोजेक्ट फोडलं, भर कॅन्टीनमध्ये त्याच्या डोक्यावर सूप ओतलं, तोच आता त्याच्या उशाशी बसून ओल्या फडक्यानं त्याचं अंग पुसतो. ताप उतरतो, आणि तापाबरोबर वैरही उतरतं. सहाव्या एपिसोडमध्ये ते एकमेकांच्या मिठीत असतात. बाराव्यात समुद्रकिनारा येतो आणि मालिका संपते.

दोन मुलांच्या प्रेमाच्या या मालिकांची मराठी सबटायटलं लिहिणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. मालिका बहुतेक थायलंडच्या, काही कोरियाच्या. इंग्रजी मजकूर माझ्याकडे येतो आणि मी घरी बसून त्याचं मराठी करतो. पडद्यावर एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी. नटाचे ओठ मिटायच्या आत वाचणाऱ्याचं वाचून झालं पाहिजे. फाईल झाली की ती एका तपासणाऱ्या बाईंकडे जाते. त्यांना मी कधी पाहिलेलं नाही. त्या लाल शेरे मारून ती परत पाठवतात. ‘फार लांब.’ ‘असं कोण बोलतं?’ ‘पटत नाही.’ मी निमूट दुरुस्त करतो आणि पुन्हा पाठवतो.

आई कधीतरी चहा घेऊन येते आणि माझ्या मागं उभी राहून बघते. एकदा म्हणाली, “हे दोघं भांडायलेत का नांदायलेत?”

“आधी भांडतेत, मग नांदतेत.”

“ते तर पहिल्याच दिवशी दिसायलंय. मग बारा दिवस कशाला लावायलेत?”

आईचं म्हणणं चुकीचं होतं. माझ्या मते बारा एपिसोड फार कमी पडतात. शत्रूचा प्रियकर व्हायला माझी हरकत नाही, पण तो होतो कधी, ते मला दाखवा ना. छळाला तीन एपिसोड, तापाला एक, मत्सर करणाऱ्या मैत्रिणीला दोन. आणि माफीला अडीच सेकंद. शिवाय छळणाऱ्याच्या बालपणाची आठवण हमखास दाखवतात. दारू पिणारा बाप, अंधारी खोली, मागं पियानो. ज्याला छळलं, त्याची आठवण कुणीच दाखवत नाही. त्याचं काम एकच, योग्य वेळी विरघळायचं. हे भाषांतर करताना माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि त्याला कारण होतं.

मी अठरा वर्षांचा असताना गावाहून येऊन इथल्याच एका कॉलेजच्या हॉस्टेलवर राहत होतो. शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. उंच, सावळा, हसला की एका गालावर खळी पडणारा. पहिल्याच महिन्यात तो मला ‘वहिनी’ म्हणायला लागला. आठवड्याभरात सगळं हॉस्टेल म्हणायला लागलं. मेसमध्ये ‘वहिनीला आधी वाढा’, जिन्यात ‘वहिनी, पदर सांभाळा’. दुसऱ्या वर्षी मला टायफॉइड झाला. मालिकेच्या हिशोबानं आमचा चौथा एपिसोड तोच. तो माझ्या दारात आला, आत डोकावला आणि मागं वळून पोरांना ओरडून म्हणाला, “वहिनीला दिवस गेलेत रे!”

पण खरं घडलं ते त्यानंतर. माझी एक वही होती. तिच्यात मी एका मुलाबद्दल लिहायचो. नाव कुठंच नाही. तो कसा चालतो, पाणी पिताना मान कशी मागं टाकतो, रागावला की कसा दिसतो, एवढंच. एक दिवस वही नाहीशी झाली. चार दिवसांनी, रविवारच्या जेवणाला, मेसमधल्या बाकावर उभं राहून शेजारच्या खोलीतल्या त्या मुलानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. पोरं ताटं वाजवत होती. वाढणारे मामाही हसत होते.

वहीतला मुलगा तोच होता. पुढची पंधरा वर्षं मी स्वतःची एकाच गोष्टीवर समजूत घालत आलो, की निदान ते त्याला कळलं नाही. तो स्वतःचंच वर्णन वाचतोय आणि त्या गाढवाला पत्ता नाही. एवढ्या एका गोष्टीत मी त्याच्यापेक्षा शहाणा होतो.

गेल्या वर्षी एका मालिकेचा अकरावा एपिसोड माझ्याकडे आला. छळणारा माफी मागतो ते दृश्य. इंग्रजीत त्याचं वाक्य होतं, मी लहान होतो, तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. वाटलं असेल तर! मी खुर्चीतून उठलो, गच्चीवर जाऊन आलो आणि ते वाक्य सरळ खोडून टाकलं. त्या जागी लिहिलं: ‘मला ठाऊक होतं, तुला दुखतंय. तरी मी थांबलो नाही.’ दोन ओळींत बरोबर बसलं. आमच्या धंद्यात हा गुन्हा आहे. नटानं जे म्हटलंच नाही ते त्याच्या तोंडी घालायचं नसतं. तपासणाऱ्या बाईंचा शेरा येईल म्हणून मी वाट बघत होतो. त्यांनी काहीच लिहिलं नाही. वाक्य तसंच गेलं, लोकांना आवडलं, त्याचे फोटो एकमेकांना पाठवले गेले. मला कुणी न दिलेली माफी मी एका परदेशी नटाकडून मराठीत वसूल केली होती.

त्यानंतर काही महिन्यांनी हॉस्टेलमधल्या त्या मुलाचा मेसेज आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. बिडकीनला एका कंपनीत आहे, एकदा भेटायचंय, नाही म्हणू नकोस. मी दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातल्या एका चहाच्या हॉटेलाचा पत्ता पाठवला. रविवार, सकाळी अकरा.

तो माझ्याआधी येऊन बसला होता. थोडा सुटला होता, कानाजवळ पांढरे केस आले होते. खळी तशीच होती, आणि त्याचा मला फार राग आला. त्यानं सांगितलं की लग्न केलं नाही, करणार नाही, तोही ‘तसाच’ आहे आणि हे कळायला त्याला लई वर्षं लागली. मग त्यानं कप बाजूला सरकवला.

“मला ठाऊक होतं, तुला दुखतंय,” तो हळूच म्हणाला. “तरी मी थांबलो नाही.”

टेबलावरचा चहा त्याच्या तोंडावर फेकावा असं वाटलं. मी विचारलं, “हे कुठं वाचलंस?”

“वाचलं नाय. मनातलंय.”

“अकरावा एपिसोड. हॉस्पिटलच्या पायऱ्या. निळा शर्ट. ते वाक्य माझंय. मी लिहिलंय. त्या नटानंसुद्धा ते म्हटलेलं नाही.”

त्याचा चेहरा पडला. असा पडलेला चेहरा बघायला मी पंधरा वर्षं थांबलो होतो, आणि तो मी अगदी सावकाश बघून घेतला. तो म्हणाला, “त्या सिरीयली बघूनच कळलं रे मला, मी तुला का छळायचो ते.” म्हणजे हा गडी स्वतःला नायक समजत होता. छळ केला म्हणजे प्रेमाचे पहिले तीन एपिसोड झाले, आता पुढचे चालू करायचे! आणि ही समजूत त्याला शुद्ध मराठीत मीच करून दिली होती.

“स्वतःचं वाक्य घेऊन ये,” मी म्हणालो आणि उठलो.

पुढच्या रविवारी तो आला. “चूक झाली माझ्याकडनं,” म्हणाला.

“चुकून दूध उतू जातं. परत.”

त्याच्या पुढच्या रविवारी म्हणाला, “वय लहान होतं आपलं.”

“मी तुझ्यापेक्षा एका महिन्यानं लहान होतो. परत.”

तपासणाऱ्या बाईंकडून मी जे जे शेरे खाल्ले होते, ते सगळे मी त्याला खायला घातले. फार लांब. असं कोण बोलतं? पटत नाही. बिडकीनहून मोटरसायकलवर तो यायचा, हेल्मेट खुर्चीवर ठेवायचा, एक वाक्य म्हणायचा. मी ते परत पाठवायचो. मग उरलेला तासभर आम्ही इकडचं तिकडचं बोलायचो. त्याच्या शिफ्टचं, माझ्या आईच्या गुडघ्यांचं, कुठली मालिका बेकार आहे त्याचं. पाचव्या रविवारी त्यानं हसत विचारलं, “आता कितवा एपिसोड चाललाय आपला?”

“पहिलाच,” मी म्हणालो.

सहाव्या रविवारी त्यानं लिहून आणलं. दोन पानं, कंपनीच्या पॅडवर, जपून घडी घातलेली. मी ती उघडली आणि मोठ्यानं वाचायला लागलो. हॉटेल भरलेलं होतं. शेजारच्या टेबलावरची माणसं गप्प झाली. गल्ल्यावरचे काका चष्म्यावरून बघायला लागले. ‘तुझी आठवण आली की झोप लागत नाही’ या ओळीवर कुणीतरी फिस्सकन हसलं. मी थांबलो नाही. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. तो मान खाली घालून बसून होता, उठून गेला नाही. मला लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. घरी जाताना मी शीळ घालत होतो.

आता खरं ते सांगून टाकतो. मला तो हवा होता. अठराव्या वर्षी हवा होता आणि चौतिसाव्या वर्षीही. त्याला रडवायचंही होतं, आणि या दोन इच्छा माझ्यात सुखानं एकत्र नांदत होत्या. मी शनिवारी शर्टाला इस्त्री करून ठेवायला लागलो होतो. आईच्या नजरेतून काय सुटतंय? “रैवारी लई नटून निघालास,” ती म्हणाली. मी म्हणालो, “कामाचंय.” ती नुसतं “व्हय का” म्हणाली आणि मटार सोलत बसली. माझं स्वतःशी ठरलं होतं. ज्या दिवशी त्याचं म्हणणं मला पटेल, त्या दिवशी माफ करायचं आणि त्याचा हात धरायचा. मालिकांमध्ये एवढंच तर कमी असतं, वेळ देत नाहीत आणि पटत नाही. मी वेळ देत होतो. पटायची तेवढी वाट होती.

सातव्या रविवारी तो येऊन बसला. हेल्मेट मांडीवरच ठेवलं होतं.

“आज माफी नाय,” तो म्हणाला. “झालं ते सांगतो. तुझी वही मी नेली तेव्हा वाचून दाखवायची म्हणून नेली नव्हती. चाळायला नेली. दुसऱ्या पानावर कळलं, हा मीच आहे.”

मी कप खाली ठेवला.

“तीन दिवस उशीखाली ठेवली. माझ्याबद्दल असलं कुणी कधीच बोललं नव्हतं. लई आवडलं. इतकं आवडलं की भ्यालो. आपल्या थोबाडावर दिसंल, पोरांना कळंल. मग म्हणलं, आपणच वाचून टाकू. जो वाचून हसतो, त्याच्यावर कोण संशय घेतंय?”

तो एवढंच बोलला. ना दारू पिणारा बाप, ना पियानो. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. अशी फाईल तपासायला आली असती तर शेरा मारायला मला जागा सापडली नसती. त्याला कळलं होतं. बाकावर उभं राहून तो वाचत होता तेव्हा प्रत्येक ओळ कुणाबद्दल आहे ते त्याला ठाऊक होतं, आणि ती त्याला आवडलेली होती. पंधरा वर्षं मी ज्या एका गोष्टीवर तग धरून होतो, ती त्यानं दोन मिनिटांत काढून घेतली. मेसमधली ताटं माझ्या कानात पुन्हा वाजायला लागली. मला रडू येत होतं, आणि त्याच्यासमोर रडायचं नाही एवढंच मला समजत होतं.

“पटलं?” त्यानं विचारलं.

“पटलं.”

तो हसला, सुटल्यासारखा. त्याचा हात टेबलावरून माझ्या हाताकडे सरकला. बरोबर होतं त्याचं, इतक्या आठवड्यांत माझा कायदा त्याला पाठ झाला होता. मी हात मागं घेतला.

“पटलं म्हणूनच सांगतो,” मी म्हणालो. “आता येत जाऊ नको.”

“आरं, पण तूच म्हणायचास, पटत नाय, पटत नाय म्हणून परत पाठवायचास! आता पटलंय तर...” त्याचा आवाज फुटला. डोळ्यांत पाणी आलं. मला जे बघायचं होतं ते अखेर समोर होतं. “आणि पटलं नसतं तर?”

“तर पुढच्या रविवारी तू परत आला असतास,” मी बोलून गेलो.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. मी ‘पटत नाही’ का म्हणत होतो ते त्याला कळलं, आणि मलाही तेव्हाच कळलं. त्यानं चहाचे पैसे ठेवले, हेल्मेट घेतलं आणि रस्त्यावरच्या गर्दीत मोटरसायकल घालून निघून गेला.

पुढच्या रविवारी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि अकरा वाजता त्याच टेबलावर जाऊन बसलो. एक वाजेपर्यंत बसलो. तो आला नाही. माझं म्हणणं त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं होतं.