बाजूने दिसणारा टीव्ही

आमचा जुना टीव्ही बिघडला तेव्हा पडद्यावर आधी एकच उभी रेघ आली. मग दुसरी आली, तिसरी आली, आणि शेवटी मालिकेतली सगळी माणसं तुरुंगातून बोलतायत असं वाटायला लागलं. आमचे हे म्हणाले, आता घ्यायचा तर मोठाच घ्यायचा. जळगावच्या नणंदेकडे पासष्ट इंची आहे. तिच्याकडे जाऊन आल्यापासून यांना आमची भिंत उघडी दिसत होती.

मी तशीही फार बोलत नाही. पण मनात धाकधूक होती. पुढच्या खोलीत बसून मी कधीच टीव्ही पाहिला नाही. तिथे खुर्चीत आबा असतात, म्हणजे माझे सासरे, आणि सासऱ्यांच्या समोर सुनेने बसायचं नाही अशी आमच्या घरची रीत. सासूबाईंनी लग्न झाल्या झाल्याच सांगितलं होतं. त्या गेल्या, रीत राहिली. मी स्वयंपाकघरातून पाहते. शेगडी दाराला तिरकी आहे. भाकरी थापताना मान जरा वळवली की टीव्ही दिसतो.

ऐकणाऱ्याला माझी कीव येते. पण मला विचाराल तर घरात यापेक्षा चांगली जागा नाही. आत मला कोणी बघत नाही. मालिकेतल्या त्या आगलाव्या जावेला मी तोंडावर शिव्या देते, उलथणं दाखवते. रडू आलं तर कांदा हाताशी असतोच. हसू आलं की तोंडात पदर कोंबायचा. ही जागा जाऊ नये, एवढंच माझं म्हणणं होतं.

टीव्ही घ्यायला आम्ही अमळनेरहून बसने धुळ्याला गेलो. दुकानदार फसवतात म्हणून आबाही टोपी घालून बरोबर निघाले.

दुकानात एक अख्खी भिंत टीव्हींची होती आणि सगळ्यांवर एकच हिरवा पोपट उडत होता. आबा दारातच थबकले. "इतला पोपट कसाले?"

"पोपट एकच आहे आबा, टीव्ही जास्त आहेत," विकणारा मुलगा म्हणाला. त्याने आबांना आणि यांना पासष्ट इंचीच्या समोर सोफ्यावर बसवलं. सोफा इतका मऊ की आबा त्यात टोपीसकट खाली गेले. मी लांब बाजूला जाऊन उभी राहिले, धुलाई मशीनांच्या रांगेजवळ. लाजेने गेले खरी, पण उभी राहिल्यावर कळलं की शेगडीजवळून जसा दिसतो तसाच टीव्ही इथून दिसतोय.

आणि पोपट पांढरा झाला होता. जणू पिठाच्या डब्यात पडून उठलाय. मी एक पाऊल समोर गेले, हिरवा. मागे आले, पीठ. शेजारी एक त्याहून लहान टीव्ही होता, त्यातला पोपट मी कुठेही उभी राहिले तरी हिरवाच.

माझी ही पुढे-मागे ये-जा त्या मुलाने पाहिली. "ताई, मशीन बघताय का?"

नाही म्हणायला हवं होतं. पण अनोळखी माणसाला पटकन नाही म्हणणं मला जमत नाही. मी मान हलवली, ती त्याला हो वाटली. त्याने झाकण उघडलं, ड्रम फिरवला, ब्लँकेट कसं धुवायचं ते सांगितलं. मी सगळं ऐकून घेतलं. तिकडे हे म्हणत होते, "ठरलं आबा, हाच घेऊ."

मग यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "घरी तोंडातून शब्द निघत नाही, आणि इथे मशीन उघडायला लावलं?"

"मशीन नको," मी म्हणाले. "इथून पोपट पांढरा दिसतो."

"काय व्हयनं?" आबांनी विचारलं. त्यांना सोफ्यातून ओढून काढावं लागलं. काठी टेकत ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले आणि डोळे बारीक करून बघू लागले. "हाऊ तं पोपट नही, बगळा शे!"

मुलगा हसला. म्हणाला, "या टीव्हीचं तसंच आहे आबा. समोरून एक नंबर, बाजूने फिका. तो दुसरा बाजूनेही चांगला दिसतो, पण लहान आहे. आणि बाजूने बघतं कोण?"

"ही बघते," हे म्हणाले. चेहरा पडला होता. मग त्यांना सुचलं. "पण आता समोर बसून बघ ना! कोण नको म्हणतंय?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबांनी घसा साफ केला. "पोरी, आते समोर बस."

किती मोठी गोष्ट बोलले ते! आणि मला घाम फुटला. त्या मुलाने मला सोफ्यावर बसवलंसुद्धा. मी पदर घट्ट धरून बसले. तिघंही टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते.

"कसा वाटतो ताई?"

"छान," मी म्हणाले.

"बघा!" म्हणत हे खिशात हात घालू लागले. आता गेलं, असं मला वाटलं. या समोरच्या जागेवर मला रोज गप्प, ताठ बसावं लागणार, आणि ती मालिकेतली मेली जाऊ माझ्यासमोर मोकाट सुटणार.

"समोर बसून मला हसता येत नाही," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच निघाला. एक गिऱ्हाईक वळून पाहायला लागलं.

आबा माझ्याकडे बघतच राहिले. "म्हणजे तू आत हसस ते टीव्हीले?"

मी मान हलवली. या वेळी ती नीट हलली.

"माले वाटे, तू माले हसस," आबा म्हणाले. खुर्चीत डुलकी लागली की त्यांचं तोंड उघडं पडतं, घोरणं सुरू होतं, आणि आतून माझं खुसखुस ऐकू येतं. इतकी वर्षं त्यांनी ते मुकाट्याने सोसलं होतं. त्यातलं थोडं हसू त्यांच्यावरचंही होतं, पण ते मी दुकानात सांगितलं नाही.

लहानच टीव्ही घेतला. हे परतीच्या बसमध्ये अमळनेर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. नणंदेचा फोन आला तेव्हा म्हणाले, "आमचा बाजूनेही दिसतो, तुमचा दिसतो का?" “थांब, बघते,” म्हणत ती तिकडे उठलीच.

टीव्ही बसवायला माणूस आला तेव्हा आबा पहिल्यांदाच मी आत असताना स्वयंपाकघरात आले. शेगडीपुढे वाकून उभे राहिले आणि तिथून ओरडायला लागले, "आखो वळाव! आखो!"

माणूस टीव्ही दाराकडे अजून, अजून वळवत गेला. शेवटी तो म्हणाला, "आबा, आता तुमच्या खुर्चीवरून तिरका दिसेल."

"दिसू दे," आबा म्हणाले. "मी तं झोपीच जास."