तुलना गटातला रस्ता

दीनानाथ आगाशे हे नाकासमोर चालणारे गृहस्थ. त्यांनी कधी नो-एंट्रीतून स्कूटर घातली नाही आणि ऑफिसचं पेन घरी आणलं नाही. चुकून खिशात आलंच, तर दुसऱ्या दिवशी परत नेऊन ठेवत. असा माणूस सरकारी खात्यात इतकी वर्षं टिकला कसा, हे खात्यालाही कोडं होतं. खात्याचं नाव इथे नको. त्यांची पेन्शन अजून सुरू व्हायची आहे.

त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. बिबवेवाडीतल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकासमोर मोठा रस्ता आणि रस्त्यापलीकडे बाग. तिथल्या एका बाकावर बाईंच्या मैत्रिणी रोज संध्याकाळी जमत आणि सुनांपासून सरकारपर्यंत सगळ्यांना नापास करत. गेल्या वर्षी हाच रस्ता ओलांडताना एका स्कूटरवाल्याने बाईंना उडवलं. मांडीचं हाड जुळून आलं, पण धीर काही जुळला नाही. एकटीने रस्त्यात पाऊल टाकायचं म्हटलं की पाय लटपटत. मग दीनानाथ ऑफिसातून आले की त्यांना पलीकडे सोडू लागले. सोडणं म्हणजे ते स्वतः एक पाऊल पुढे, गाड्यांना हात दाखवत, आणि बाई मागून त्यांच्या कापडी पिशवीचा बंद धरून. भर रस्त्यात बायकोचा हात धरणं आगाश्यांच्या घराण्यात बसत नव्हतं. लग्नातसुद्धा गुरुजींनी सांगितलं तेवढ्यापुरताच धरला होता.

अशात खात्याने एका संशोधन संस्थेशी सामंजस्य करार केला. शाली झाल्या, श्रीफळं झाली, फोटो झाले. संशोधनाचा प्रश्न असा होता : रस्त्यांवर उंचवट्याचे झेब्रा पट्टे केले, तर म्हातारी माणसं जास्त बाहेर पडतील का? मंदाकिनीबाईंना विचारलं असतं तर उत्तर एका वाक्यात मिळालं असतं. पण एका वाक्याचा अहवाल होत नाही. खात्याच्या बाजूने समन्वयक कोण, असं विचारल्यावर सगळ्यांनी दीनानाथांकडे पाहिलं, कारण बाकीचे सगळे खाली पाहत होते.

संस्थेच्या डॉ. सुरुची तरुण, हुशार आणि कामाबद्दल खरोखर तळमळ असलेल्या. त्यांनी बैठकीत समजावून सांगितलं, की निवडलेल्या रस्त्यांपैकी निम्म्यांवर पट्टे करायचे. उरलेले निम्मे तुलना गटात.

"तुलना गटात काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"काहीच नाही. अभ्यास संपेपर्यंत आहे तसंच ठेवायचं."

साहेबांचा चेहरा उजळला. हे काम तर खातं पिढ्यान्‌पिढ्या करत आलं होतं. त्याला शास्त्राचा आधार मात्र त्या दिवशी मिळाला.

कुठला रस्ता कुठल्या गटात, हे संगणक ठरवेल, असं सुरुची म्हणाल्या. साहेबांना ते पटेना. संगणकावर लोक विश्वास ठेवत नाहीत, चिठ्ठ्याच टाकू, आणि काढतील आगाशे, त्यांच्यावर कोणी संशय घेणार नाही. दीनानाथांनी डोळे मिटून पहिली चिठ्ठी काढली. ती निघाली त्यांच्याच घरासमोरच्या रस्त्याची, आणि पहिली चिठ्ठी तुलना गटाची, असं आधीच ठरलं होतं. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघा, याला म्हणतात पारदर्शकता!"

घरी येऊन त्यांनी बातमी सांगितली. मंदाकिनीबाईंनी शांतपणे ऐकून घेतली. "म्हणजे शहरातले काही रस्ते असेच वाईट ठेवायचे होते, आणि त्यात पहिला तुम्ही आपला शोधून आणलात."

"अगं, मी नाही, चिठ्ठीने."

इथपर्यंत ठीक होतं. पण संस्थेच्या सूचनांत एक वाक्य होतं : तुलना गटातल्या रस्त्यांवर मोजणीच्या वेळेत कोणताही हस्तक्षेप होणार नाही, याची समन्वयकाने दक्षता घ्यावी. दुसरा कोणी असता तर वाक्य वाचून चहा मागवला असता. दीनानाथ त्यावर रात्रभर तळमळले. मोजणी रोज संध्याकाळी बागेच्या वेळेला होणार होती. किती ज्येष्ठ नागरिक आपले आपण रस्ता ओलांडतात, ते मोजायचं होतं. आणि आपण रोज एका ज्येष्ठ नागरिकाला पिशवीला लावून पलीकडे नेतो. म्हणजे हस्तक्षेप कोण? आपणच!

"संध्याकाळी मला तुला सोडता येणार नाही," त्यांनी सकाळी जाहीर केलं. "आकडा बिघडेल."

"माझा?"

"अभ्यासाचा."

"मग मी बागेत जायचं कधी?"

"रविवारी दुपारी. तेव्हा मोजणी नसते."

"दुपारी बागेत माळी झोपलेला असतो. त्याच्याशी काय बोलू?"

दीनानाथांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. संध्याकाळी गॅलरीत बसून समोरच्या बागेतल्या बाकाकडे पाहणारी बायको त्यांना बघवत नसे. पण नियम म्हणजे नियम. ते पेपर तोंडासमोर धरत आणि तीच बातमी पुन्हापुन्हा वाचत.

मोजायला संस्थेने वेणूबाईंना नेमलं. मूळच्या यवतमाळकडच्या, नवऱ्याच्या कामामुळे येरवड्यात स्थायिक झालेल्या, धिप्पाड आणि मोठ्या आवाजाच्या बाई. फाटकाशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून त्या कागदावर रेघा ओढत. पहिले काही दिवस रेघा फारच थोड्या पडल्या. दीनानाथ समाधानाने मान हलवत. वाईट रस्त्याचे वाईट आकडे, सगळं शास्त्राला धरून चाललं होतं.

पुढे काही दिवसांनी मंदाकिनीबाईंची कुरकुर थांबली. जेवताना त्या बाकावरच्या ताज्या बातम्या सांगू लागल्या. फोनवर कळलं असेल, असं दीनानाथांनी धरलं. एव्हाना समन्वयकाची कामं वाढून ते ऑफिसातून उशिराच घरी येऊ लागले होते, आणि मोजणीचे कागद थेट संस्थेकडे जात.

एकदा कोणी मोठा पाहुणा शहरात येणार म्हणून ऑफिस लवकर सुटलं. दीनानाथ बसथांब्यावर उतरले आणि जागच्या जागी उभे राहिले. रस्त्याच्या मधोमध वेणूबाई चालल्या होत्या. एक हात पसरलेला, त्यापुढे एक अख्खी बस थांबलेली. दुसऱ्या हातात मंदाकिनीबाईंचा हात, आणि मागे सोसायटीतली झाडून सगळी म्हातारी मंडळी. पलीकडे पोचल्यावर वेणूबाईंनी काखेतला कागद काढला आणि माणसागणिक एकेक रेघ ओढली.

"वेणूबाई, हे काय चाललंय?" दीनानाथांना धाप लागली होती. "तुम्हाला मोजायला ठेवलंय!"

"मोजून त राहिली ना, साहेब. एक बी सुटत नाही."

"अहो, पण हात धरून मोजायचं नसतं!"

"आता म्हातारी बाई काठावर थरथरून राहिली, तिले नुसतं पाहत बसू काय? हात नका धरू म्हणून कोणी सांगतलं नाही मले."

खरंच कोणी सांगितलं नव्हतं. असं काही सांगावं लागेल, हे सूचना लिहिणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. दीनानाथांनी बाकाकडे पाहिलं. मंदाकिनीबाई कशाला तरी इतक्या हसत होत्या, की डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला होता. त्या अशा हसल्याला वर्ष उलटून गेलं होतं. समन्वयकाने त्याच क्षणी संस्थेला फोन करायला हवा होता. दीनानाथांनी फोन खिशातून काढला, किती वाजले ते पाहिलं आणि परत ठेवला. आयुष्यात प्रथमच त्यांच्या खिशात न नोंदवलेलं काहीतरी राहिलं, आणि ते त्यांना फार टोचत राहिलं.

अभ्यासाचा पहिला टप्पा संपला आणि निष्कर्षांची बैठक भरली. जिथे पट्टे केले होते, तिथले बरेच रस्ते पाइपलाइनसाठी पुन्हा खणले गेले होते. तिथली म्हातारी माणसं घरीच बसली होती. सगळ्यांत जास्त ज्येष्ठ नागरिक बाहेर पडले होते ते बिबवेवाडीच्या त्या रस्त्यावर, जिथे खात्याने काहीही केलं नव्हतं.

"म्हणजे काही न करण्यानेच फरक पडतो!" साहेब आनंदाने म्हणाले. "हे इतर शहरांनाही कळलं पाहिजे. आता ते पट्टे कुठेच नकोत."

सुरुची मात्र आकड्यांकडे बघत कपाळ चोळत होत्या. "आगाशेकाका, तिथे काही वेगळं घडत होतं का?"

दीनानाथांच्या डोळ्यांपुढे तो पदराने डोळे पुसणारा चेहरा आला. गप्प राहिलं तर वेणूबाई त्या रस्त्यावर राहतील, बाक राहील. पण गावात इतक्या फाटकांशी इतक्या बायका उभ्या होत्या, त्यांच्यापाशी वेणूबाई नव्हती, आणि आता पट्टेही येणार नव्हते. त्यांनी घसा खाकरला आणि सगळं सांगून टाकलं. आपण महिनोन्‌महिने गप्प बसलो, तेही सांगितलं.

मग सुरुचींनी हळूच विचारलं, "म्हणजे नुसता हात धरला, तरी माणसं बाहेर पडली?"

"हो."

"हे तर फार महत्त्वाचं आहे. यावर वेगळा अभ्यास व्हायला हवा."

"जरूर," साहेब म्हणाले. "पण त्यालाही तुलना गट लागेल ना?"

शेवटी ठरलं ते असं : पट्ट्यांचा निर्णय पुढच्या टप्प्यानंतर, बिबवेवाडीचा रस्ता अभ्यासातून बाद, आणि वेणूबाईंची रवानगी कोथरूडला, कोणालाही हात न लावण्याच्या लेखी सूचनेसह.

दीनानाथ घरी आले तेव्हा मंदाकिनीबाई चपला घालून फाटकाशी उभ्या होत्या. शेजारी रिकामं स्टूल होतं.

"वेणूबाई आल्या नाहीत?"

"आता येणार नाहीत." त्यांनी मान खाली घालून बैठकीची हकिगत सांगितली.

"तुम्हीच सांगितलंत?"

"हो."

बाईंनी पलीकडच्या बाकाकडे पाहिलं. मैत्रिणींपैकी एकीने हात हलवला. बाईंचा चेहरा उतरला होता आणि त्यांनी तो लपवलाही नाही. "बरोबर उत्तर आहे," त्या म्हणाल्या. "पण मला पुरे मार्क देववत नाहीत."

दीनानाथांनी मुकाट्याने पिशवीचा बंद पुढे केला. बाईंनी तो धरला नाही.

"आता आपला रस्ता अभ्यासात नाही ना?"

"नाही."

"मोजायला कोणी बसलेलं नाही?"

"कोणी नाही."

"मग ती पिशवी स्टुलावर ठेवा आणि हात धरा."

दीनानाथांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. आधी सोसायटीच्या गॅलऱ्यांकडे पाहिलं, मग गाड्यांकडे. आणि पिशवी स्टुलावर ठेवली.